बारीकच काहीतरी असणार

आमच्या घरापुढं वीस फूट बाय तीस फूट हिरवळ आहे. सोलापुरात असं सांगितलं की समोरचा माणूस पहिल्यांदा पाण्याचं विचारतो, आणि बरोबरच विचारतो. जिथं नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येतं तिथं दारात गवत पाळणारा माणूस एक तर पुढारी असणार, नाहीतर येडा. माझे मिस्टर पुढारी नव्हते.

ते मूळचे मंगळवेढ्याकडचे. काळी रानं, हिवाळ्यातली ज्वारी, आणि सावलीला म्हणाल तर बांधावर एखादी बाभळ. नोकरी मात्र सगळी अकलूजच्या बाजूला, साखर कारखान्याच्या ऑफिसात. तिथं मोठ्या साहेबांच्या बंगल्यापुढं लॉन होतं. सहीच्या फायली घेऊन जायचं तर कडेच्या फरशीवरनं, गवतावर पाय ठेवायचा नाही. सगळी नोकरी त्यांनी त्या फरशीवरनं ये-जा केली. मग रिटायर झाल्यावर माणसाला काय वाटावं? तीर्थयात्रा, नातवंडं, काही नाही. आपल्या दारात गवत करायचं आणि चप्पल काढून त्यावर चालायचं.

गवत लावलं त्या दिवशी माझा दीर गावाकडनं आला होता. तोच तिथली शेती बघतो. गोणपाटात गुंडाळलेली रोपं बघून त्यानं कपाळावर हात मारून घेतला. "दादा, आरं ही तर हरळी हाय की! आमी जलमभर हरळी खांदून काढून मेलो, आन तू इकत आणून लावतुयास व्हय?" मी हसून हसून पदर तोंडाला लावला. हे शांतपणे आळी करत राहिले.

माझं सांगायचं तर मी इथंच सोलापुरात पोस्टाच्या खिडकीमागं तीस वर्षं काढली. खिडकीमागं बसणाऱ्या बाईच्या जिभेला आपोआप धार येते, नाहीतर लोक खिडकीतनं आत येतील. त्यात माझं माहेर अक्कलकोटकडचं, घरात निम्मं कानडी. राग आला की मला मराठी पुरत नाही. "साकु!" असं तोंडातनं निघतं. साकु म्हणजे पुरे. साकु ते पाणी, साकु ते गवत, साकु तुमचं ते कौतुक. हा शब्द त्यांनी माझ्याकडनं इतक्यांदा ऐकलाय की शेवटी तेच मला चिडवायला म्हणायचे, "आली बघ साकुबाई."

ते अकलूजला, मी सोलापूरला. शनिवारी संध्याकाळी एसटीनं यायचे, सोमवारी पहाटे जायचे. मुलगी अशीच मोठी झाली, लग्न होऊन पुण्याला गेली. लग्नाला अडतीस वर्षं झाली होती आमच्या, पण एका छपराखाली सलग राहिलो ती रिटायर झाल्यानंतरची सहा. म्हणजे भांडायलासुद्धा खरं तर सहाच वर्षं मिळाली. मी ती भरपूर वापरली.

भांडण मुख्य पाण्यावरनं. वॉशिंग मशीनचं पाणी नळीनं गवताला, भाज्या धुतलेलं पाणी बादलीत साठवून गवताला. मोरीत एक थेंब सोडायची मला चोरी. आधी शेळ्या असलेली एक बाई येऊन विळ्यानं गवत कापून न्यायची, तिलाही बरं आणि आम्हालाही. तिनं शेळ्या विकल्या आणि यायची बंद झाली. मग ह्यांच्या डोक्यात मशीन शिरली.

रोडवर एक लग्नाचं लॉन आहे. त्यांनी खरं गवत काढून प्लास्टिकचं अंथरलं, तशी त्यांची गवत कापायची मशीन अडगळीत पडली. ती हे टेम्पोत घालून घेऊन आले. लाल रंग, कडा गंजलेल्या, चारातलं एक चाक कुठल्या तरी दुसऱ्याच मशिनीचं, आणि मुठीला काळी चिकटपट्टी. मी दारातच उभी होते. म्हटलं, "झालं! भंगारवाल्याच्या आधी तुम्ही पोचलात होय?"

"अगं, इंजिन बघ."

"मला काय इंजिनातलं कळतंय? भंगार म्हणजे भंगार."

त्यांनी दोरी ओढली. दुसऱ्या झटक्याला मशीन चालू झाली, आणि असा आवाज की शेजारचे गॅलरीत आले. हे माझ्याकडं बघून हसले. मी आत जाऊन भांडी जोरात लावली.

तो सगळा पावसाळा मशीन चालली. रविवारी सकाळी हे बनियनवर, लुंगी वर खोचून मशीन पुढं-मागं ढकलायचे. झाल्यावर चप्पल काढून पायानं गवत चाचपत फिरायचे, हात मागं बांधून, अगदी साहेबासारखे. खरं सांगायचं तर कापलेल्या गवताचा तो ओला वास मला आवडायला लागला होता. रविवारी मी स्वयंपाकघराची खिडकी मुद्दाम उघडी ठेवायची. पण हे मी त्यांना सांगितलं नाही. सांगितलं असतं तर काय झिजलं असतं, असं आता वाटतं.

मग दसरा आला. खंडेनवमीला आमच्याकडं घरातलं झाडून सगळं लोखंड पूजेला बसतं. कुदळ, खुरपं, विळी, अडकित्ता, माझी शिलाई मशीन, ह्यांची स्कूटर. धुऊन-पुसून ओळीनं मांडायचं, हळदकुंकू लावायचं, झेंडूचं फूल ठेवायचं, त्या दिवशी कशाला हात लावायचा नाही. ओळीच्या शेवटी ह्यांनी गवताची मशीन आणून ठेवली.

"ह्या भंगाराला पण?" मी म्हटलं.

"तिचा पहिला दसरा आहे," ते म्हणाले. "लाव चांगलं."

मग मी पण लावलं चांगलं. माझ्या करंड्यात अजून मेण असायचं. टिकल्यांच्या जमान्यात मेणावर कुंकू लावणारी आमच्या गल्लीत मीच एक उरले होते, आईची सवय. बोटावर मेण घ्यायचं, गोल टेकवायचं, वरनं कुंकू दाबायचं, दिवसभर जागचं हलत नाही. लोखंडावर तर कोरडं कुंकू ठरतच नाही, म्हणून दर वर्षी मी अवजारांनाही मेण लावायची. आता मशिनीला कपाळ कुठलं? बघितलं तर वर मधोमध पेट्रोलच्या टाकीचं काळं गोल झाकण. तेच कपाळ धरलं. मेणाची जाड टिकली, वर हळद, वर कुंकू, वर दोन अक्षता. ह्यांनी फोटो काढून मुलीला पाठवला.

त्यानंतरच्या रविवारी मशीन बंद पडली.

म्हणजे चालू झाली, चार मिनिटं चालली, खोकली आणि थांबली. ह्यांनी दोरी ओढली, नाही. परत ओढली, नाही. झाकण उघडून आत पेट्रोल आहे का बघितलं, होतं. झाकण लावून ओढली तर चालू! आणि चार मिनिटांनी परत बंद. असं तीनदा झाल्यावर घामाघूम होऊन ते पायरीवर बसले. मी पाणी दिलं आणि वर बोललेच, "मिळालं का भंगाराचं फळ?"

"बारीकच काहीतरी असणार," ते म्हणाले. "मोठं काही असतं तर चार मिनिटं पण चालली नसती."

पुढं दोन-अडीच आठवडे आमच्या घरात हाच विषय. प्लग नवा घातला. हवेचं फिल्टर साबणानं धुऊन वाळवलं. दोरी काढून परत गुंडाळली. संध्याकाळी चहाच्या वेळी मला रिपोर्ट द्यायचे, आज चार मिनिटं, आज पाच मिनिटं, आज चालूच झाली नाही. मुलीला फोनवर तेच. एक दिवस रॉकेलच्या फडक्यानं त्यांनी मशीन इतकी घासली की गंजसुद्धा चकाकायला लागला, फक्त झाकणावर मी लावलेलं ते हळदकुंकू तेवढं तसंच. त्याच्या कडेकडेनं फडकं फिरवलेलं. मी म्हटलं, "तेवढं कशाला ठेवलंत? पुसा की."

"राहू दे," म्हणाले. "तू लावलंयस."

एकदा विचारलं, मिस्त्रीकडं नेऊ का. मी म्हटलं, दिवाळी तोंडावर आलीय, घरात सतरा कामं, आणि ह्या भंगाराची पालखी घेऊन कुठं हिंडता? दिवाळी झाल्यावर बघू. ते बरं म्हणाले. माझ्या बऱ्याच गोष्टींना ते बरं म्हणायचे.

वसुबारसेच्या दिवशी सकाळची गोष्ट. मुलगी, जावई, नातू दुसऱ्या दिवशी यायचे होते. गवत घोट्याच्या वर आलं होतं आणि नातवाला त्यावर लोळायला मिळावं असं ह्यांच्या मनात. मी चकल्या तळत होते. खिडकीतनं दोरीचा आवाज येत होता, खर्र आणि थांब, खर्र आणि थांब. तुम्ही कधी ऐकलाय का माहीत नाही, चालू न होणाऱ्या मशिनीचा आवाज डोक्यात जातो. कढई तापलेली, चकली तुटत होती, भाजणी बिघडली म्हणून मी आधीच चिडलेली. ओरडले, "साकु! पुरे करा आता! भंगार ते भंगारच राहणार!"

"अगं, बारीकच काहीतरी असणार," बाहेरनं आवाज आला. दमलेला होता आवाज. ते मला आता कळतं.

परत दोन-तीनदा खर्र झालं. मग थांबलं. मला बरं वाटलं. चला, ऐकलं एकदाचं, असं मनात म्हटलं. कढईतला घाणा काढला, दुसरा सोडला, तोही काढला. तिसऱ्या घाण्याला हाक मारली, "अहो, चकली बघा खाऊन, मीठ बरोबर आहे का." ओ आली नाही. गॅस बंद करून बाहेर आले तर ते मशिनीशेजारी गवतात आडवे. दोरीची मूठ हातात होती.

डॉक्टर म्हणाले, हृदयाचं दुखणं आधीपासूनच असणार, जिना चढतानासुद्धा झालं असतं. डॉक्टर भला माणूस. पण जिना चढताना झालं नाही ना.

तेरा दिवस माणसं होती. कुंकवाचं मला कुणी काही म्हटलं नाही, उलट मुलगी म्हणाली, आई, लावत जा, आता कोण असलं बघतंय. दीरसुद्धा म्हणाला, "वयनी, लावा की. आमी काय म्हननार न्हाय." माणसं चांगली आहेत माझी. पण माझाच हात जाईना. दहाव्या दिवशी सकाळी मीच तोंड धुताना धुऊन टाकलं, कुणाला पुसू दिलं नाही. करंडा कपाटात ठेवून दिला.

मशिनीचा विषय निघाला तेव्हा दीर म्हणाला, "दिऊन टाका वयनी भंगारात. डोळ्यापुढं कशाला पायजे ती अवदसा." मी म्हटलं, नाही. सगळे माझ्याकडं बघायला लागले, कारण पहिल्या दिवसापासून तिला भंगार म्हणणारी मीच. जिन्याखाली सरकवून तिच्यावर एक चादर टाकली. सोलापूरच्या घरात चादरींना तोटा नसतो.

मला एकच गोष्ट पाहिजे होती. ती मशीन खरंच भंगार होती का, एवढं मला कळायला पाहिजे होतं. माझं शेवटचं बोलणं तेच होतं आणि त्यांचं शेवटचं बोलणं त्याच्यावरचं उत्तर होतं. भंगार असेल तर मी खरी ठरणार, आणि हे एका भंगारापायी गेले. नसेल तर ते खरे, आणि जाता जाता त्यांनी माझ्याकडनं खोटं ऐकलं. दोन्हीकडनं मला काय सुख होतं? तरी पण कळल्याशिवाय घास गोड लागत नव्हता. भांडण अर्धवट राहिलं होतं आमचं, आणि मला सवय नाही अर्धवट सोडायची.

उन्हाळ्यात मी गवताला पाणी घातलं. होय, मीच. वॉशिंग मशीनची नळी सोडली, भाज्यांचं पाणी बादलीत साठवलं. शेजारीण म्हणाली, कशाला हो, वाळून जाऊ दे. तिला म्हटलं, तुमचं पाणी घालते का मी? पुढं पाऊस झाला आणि गवत गुडघ्याला लागलं. श्रावणात त्यात कुणाला तरी धामण दिसली. मग गल्लीतली सगळीच सांगायला लागली, काकू, कापून घ्या. विळा घेऊन यायला बायाही तयार होत्या. मी म्हटलं, कापीन, पण मशिनीनंच कापीन.

रिक्षात घालून मशीन मार्केट यार्डाकडं नेली. तिथं एक म्हातारे मुसलमान मिस्त्री बसतात, शेतकऱ्यांचे फवारणीचे पंप, छोटी इंजिनं दुरुस्त करतात. पांढरी दाढी, चष्म्याची एक काडी तारेनं बांधलेली. मला स्टूल दिलं आणि मशिनीभोवती एक चक्कर मारली.

"भंगारच आहे ना?" मी विचारलं. एवढं वर्षभर धरून ठेवलेला प्रश्न, पण खिडकीवर विचारावा तसा विचारला.

"कोन म्हनलं?"

"मीच."

"नक्को मावशी, असं नक्को बोलू. आधी बघू तर द्या."

टाकीतल्या पेट्रोलचा वास घेऊन त्यांनी तोंड वाकडं केलं. वर्षाचं शिळं, म्हणाले, आणि सगळं ओतून ताजं घातलं. प्लग काढून ब्रशनं घासला, मशिनीच्या अंगाला टेकवून दोरी ओढली तर निळी ठिणगी पडली. ठिणगी हाय, म्हणाले. कार्बोरेटर उघडला, आत पिवळा चिकट थर बसला होता, तो धुऊन हवेनं फुंकला. फिल्टर झाडलं. सगळं परत लावून दोरी ओढली. तिसऱ्या झटक्याला मशीन चालू झाली.

तो आवाज. मी स्टुलाची कड धरून बसले. डोळ्यांतनं पाणी कधी आलं कळलं नाही. मिस्त्री हात पुसत माझ्याकडं वळले, "इंजिन एक नंबर हाय मावशी! भंगार कुटलं?" आणि मी म्हणणार होते की बरं झालं, मी खोटी ठरले, तेवढ्यात मशीन खोकली. दोनदा खोकली आणि थांबली.

"हेच!" मी उठून ओरडलेच. "अस्संच करायची! अगदी अस्संच!" रस्त्यावरची माणसं बघायला लागली.

मिस्त्रींनी दोरी ओढली. नाही. परत ओढली, परत. खर्र आणि थांब, खर्र आणि थांब. पाच-सहा झटके झाले असतील, त्यांचा श्वास मोठा झालेला मला ऐकू यायला लागला, आणि माझ्या तोंडातनं निघून गेलं, "साकु! साकु! ओढू नका!"

ते थांबले. मला सांगावंच लागलं. दोन वाक्यांत सांगितलं, असं असं, मशिनीपाशीच गेले म्हणून. मिस्त्रींनी दोरीची मूठ हळूच जागेवर सोडली आणि समोर हात करून दोन चहा मागवले.

चहा झाल्यावर त्यांनी दोरीला हात लावला नाही. टाकीवर तळहात ठेवून बसले थोडा वेळ. मग झाकण हळूहळू फिरवलं. फुस्स झालं, अगदी बारीक. हवा बाहेर नाही, आत गेली.

"ऐकलं मावशी?" ते म्हणाले. झाकण काढून त्यांनी उलटं केलं, आतल्या बाजूनं तोंड लावून फुंकलं. गाल फुगले, हवा काही पलीकडं जाईना. मग झाकण सुलटं करून चष्म्याजवळ नेलं. वर काळा, तेलकट, धूळ बसलेला गोळा होता. मलासुद्धा आधी ओळखू आलं नाही. एक अक्षत अजून चिकटलेली होती, तिच्यावरनं ओळखलं.

"खंडेनवमीची पूजा कोन केलं?"

"मी."

"मेन लावून?"

"मेण लावून."

त्यांनी मान हलवली. फडकं शोधायला लागले. मी म्हटलं, मिस्त्री, काय आहे ते सांगा, मी ऐकून घेणारी बाई आहे. मग त्यांनी सांगितलं. "हितं मधोमध एक भोक असतंय, सुईएवढं. पेट्रोल खाली उतरलं की तेवढी हवा वरनं आत यायला लागती. भोक बंद झालं की टाकीचा श्वास कोंडतो. पेट्रोल अडतंय, मशीन बंद. झाकण खोलून लावलं की हवा जाती, परत चार मिनिटं चालू."

माझी खिडकीवरची सवय, फॉर्म पुरा भरल्याशिवाय सोडायचा नाही. विचारलं, "म्हणजे झाकण नुसतं सैल ठेवलं असतं तर चालली असती?"

"चालली असती."

"किती सैल?"

ते माझ्याकडं बघेनात. "अर्धा आटा," म्हणाले.

मग तेच घाईघाईनं बोलायला लागले, की दसऱ्यानंतर दर वर्षी अशा चार-दोन मशिनी येतातच, कुणी हळद थापतं, कुणी गंध, कुणी ह्या भोकात उदबत्तीसुद्धा खोचतं. "मी लोकास्नी सांगत न्हाई मावशी. पूजेचं काय बोलायचं? पुसून देतो आन प्लग खराब होता म्हनतो. तुमाला पन तसंच म्हननार होतो. तुमी विचारलं म्हनून." रॉकेलचं फडकं त्यांनी हातात घेतलं. "पुसू?"

"नको," मी म्हटलं. "द्या इकडं."

खांद्यावरची पदराची पिन काढली. मेण घट्ट झालं होतं. वरचा थर काळा होता, पण नखानं खरवडल्यावर खाली कुंकू तसंच लाल, कालच लावल्यासारखं. तू लावलंयस, राहू दे, असं म्हणून त्यांनी जपलं होतं ते. दोन-अडीच आठवडे सगळी मशीन पुसली आणि तेवढं ठेवलं. माझ्या तोंडाची त्यांना कधी भीती वाटली नाही, मग माझ्या कुंकवाला कशाला एवढे मान देत बसलात, असं मी मनातल्या मनात त्यांच्यावर ओरडत होते आणि खरवडत होते. पिनेचं टोक भोकात घालून फिरवलं. मेणाची अळीएवढी गुंडाळी बाहेर आली. मिस्त्रींनी फुंकलं, हवा पार गेली.

एका झटक्यात मशीन चालू झाली. चार मिनिटं झाली, दहा झाली. मिस्त्रींनी विचारलं, बंद करू? मी म्हटलं, राहू दे चालू. नखात लाल मेण अडकलं होतं, ते मी तसंच ठेवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी गवत मीच कापलं. दोरी मीच ओढली, दुसऱ्या झटक्याला लागली. एवढं गुडघाभर गवत, मशीन अडायची, मागं घ्यायची, परत ढकलायची. शेजारीण मदतीला आली तर तिला घालवून दिलं. सगळं कापून झालं, मशीन बंद केली आणि त्याच वासात पायरीवर बसले. चप्पल काढून गवतावर पाय ठेवायचा होता, पण तो काही ठेववला नाही.

खरं काय होतं ते मी कुणालाच सांगितलेलं नाही. दिराला सांगितलं, प्लग खराब होता. शेजारणीला सांगितलं, कार्बोरेटरमध्ये कचरा होता. इथं पहिल्यांदा लिहितेय. संध्याकाळी मुलीचा पुण्याहून फोन आला. कुणाकडनं तरी तिला आधीच कळलं होतं.

"आई, मशीन चालू झाली म्हणे! काय झालं होतं गं तिला शेवटी?"

"बारीकच काहीतरी होतं," मी म्हटलं.

"बघ," ती म्हणाली. "बाबा म्हणतच होते."

"हो गं," मी म्हटलं. "म्हणतच होते."